घसारा, भाग चार

पाइलिंगचं मशीन रात्री दहाला थांबतं.
मग मी कपाट उघडते, दारांवर दोन गोधड्या टाकते
आणि त्या तंबूत मोबाइल उभा करून
घसारा शिकवते.

कन्नमवारनगरात समोरची चाळीस नंबर पाडली तेव्हापासून
ही माझी वर्गखोली.

अडतीस व्हिडिओ आहेत.
गंधेसरांचं म्हणणं, सगळेच नव्याने करा,
नव्या सत्राआधी, शक्यतो हसतमुख.
एका व्हिडिओला तीन तास धरले
तर एकशे चौदा तास.
रोजचा दीड तास माझा (तोही कुकर गार झाल्यावर),
म्हणजे शहात्तर रात्री.
सत्र सुरू व्हायला उरल्यात एकवीस.
हा हिशेब मी सरांना पाठवला.
त्यांनी अंगठा पाठवला.

ग्लॅडिस म्हणाली, अगं, रंग बदल, पाटी बदल,
कोण बघतंय?
तिच्याकडे तीन विषय आहेत, मनगटाला पट्टा आहे.
तिला मी काय बोलणार?

म्हणून आधी आकडे पाहिले.
पोरं कुठे थांबतात, कुठे मागे जातात,
कुठे बंद करून निघून जातात.
भाग चार, मिनिट नऊ, सेकंद वीस:
तिथे निम्मा वर्ग उतरतो.
उदाहरण साधंच आहे.
चाळीस हजारांचं झेरॉक्स मशीन, पाच वर्षं आयुष्य,
भंगारात पाच हजार,
दरवर्षी सात हजार खाती टाका.
यात अडण्यासारखं काय आहे?

नफिसा दळवीला विचारलं.
सीप्झमध्ये रात्रपाळी करते, दागिन्यांना पॉलिश.
बसमध्ये ऐकते, एका कानाने.
उत्तर पहाटे पाच पन्नासला आलं:
"मॅडम, तिथे तुम्ही म्हणता, हे तर अगदी सोपं आहे.
मला तोवर कळलेलं नसतं.
मग मी बंद करते.
दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून."

मी गोधडीत बसून अडतीसच्या अडतीस ऐकले.
दुप्पट वेगाने, स्वतःचा आवाज
चिमणीसारखा चिवचिवताना.
वहीत रेघा मारत गेले, पाचाच्या जुड्या.
एकसष्ट वेळा.
अगदी सोपं. सोपंच आहे. सोपं आहे ना?
कोणाला समजावत होते मी?
पहिल्या वर्षी, रेकॉर्डिंग नवं, घसा कोरडा,
तेव्हा सगळ्यात जास्त.
पुढेपुढे कमी.
म्हणजे ऱ्हासमान शेष पद्धत.

मग वहीच्या मागच्या पानावर, गंमत म्हणून:
मालमत्ता: शिक्षिका, एक नग.
खरेदीचं वर्ष: दोन हजार नऊ.
अंदाजे आयुष्य: इथे पेन थांबलं.
दुरुस्ती खर्च: चष्मा, गळ्याचं औषध, मणक्याचा बेल्ट.
भंगारमूल्य काढायचं राहू दिलं.

गंधेसरांना लिहिलं:
या सत्रात फक्त भाग चार नवा होईल.
बाकी सदतीस तेच राहतील,
त्यांतून एक शब्द तेवढा काढते.
पुढच्या सत्रात भाग सात. ग्लॅडिसचाही एकच.
सरांनी फोन केला. "एक शब्द? अहवालात काय लिहू?"
म्हटलं, लिहा, साठ ठिकाणी सुधारणा.
एकसष्टावी माझ्याकडून सुटली असेल,
असंही लिहा.
पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग म्हणाले, "माझी मुलगी यंदा अकरावीत आहे, कॉमर्स."
आणि ठेवला.

शब्द कापला की अर्ध्या सेकंदाची फट पडते.
ती बुजवायला संगीत टाकतात म्हणे.
मी तशीच ठेवली.
एकीत वरच्या पेडामकरांचा नळ ऐकू येतो,
एकीत मी आवंढा गिळते.

भाग चार आज पुन्हा बोलले.
झेरॉक्स मशीन काढून पॉलिशची मोटर घेतली, नफिसाला विचारून.
नऊ वीसला म्हटलं,
इथे मीही पहिल्यांदा चुकले होते,
हवं तर थांबा, चहा घेऊन या.

अपलोड चौसष्ट टक्क्यांवर अडकलंय.
गोधड्या घडी करून ठेवल्या.
हरभरे भिजत घालायचे राहिले होते, ते घातले.
सात वाजता मशीन सुरू होईल.